उम्म झाहिरची सुरक्षित गाडी

"ही नको," झुवैना म्हणाली.

झाहिरने डोळे मिटले. आई गाडीत बसून अजून तिचा अबाया नीट सावरूनही झाला नव्हता. दार उघडंच होतं, शोरूमचा विक्रेता अम्मार अदबीने हात बांधून उभा होता, आणि बाईसाहेब निकाल लावून मोकळ्या झाल्या होत्या.

"का नको, उम्मी?"

"हिला किल्ली नाही."

"किल्ली आहे. फक्त लावावी लागत नाही. ती तुझ्या पिशवीत असली की बटण दाबायचं, गाडी सुरू."

"लावायची नाही तर पिशवीत कशाला बाळगायची?"

झाहिरने अम्मारकडे पाहिलं, अम्मारने छताकडे पाहिलं. मस्कतमधलं हे आणखी एक शोरूम, आणि सकाळपासून आईने एकेका गाडीचा असाच फडशा पाडला होता. एका जर्मन गाडीचं आसन पाठ चेपून देत होतं, तर म्हणे ही मला चिमटे काढते. एक जपानी गाडी इतकी शांत होती की म्हणे ही चालू आहे की मेली ते कळतच नाही. एक गाडी भिंतीजवळ गेली की ओरडायची. "भिंत मला दिसते आहे," झुवैनाने तिला सांगितलं आणि खाली उतरली.

झाहिर अल-अबरी विमा कंपनीत होता. ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि कोणाचं किती चुकलं ते ठरवायचं, हे त्याचं रोजचं काम. कोणती गाडी कुठून दबते, कोणत्या गाडीतून माणूस आपल्या पायांनी उतरतो आणि कोणत्या गाडीतून त्याला कापून काढावं लागतं, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. त्यामुळे आईसाठी गाडी घ्यायची म्हटल्यावर त्याने हात आखडता घेतला नव्हता. चहूबाजूंनी हवेच्या उशा हव्यात, समोर काही आलं तर गाडीने आपण होऊन थांबायला हवं, रस्त्यावरचा आपला पट्टा सोडून चालली तर तिने कान पकडून परत आणायला हवं. आणि हे सगळं ज्या गाड्यांत असतं त्या उंची गाड्या असतात, त्याला इलाज नव्हता. बद्रिया, म्हणजे त्याची बायको, एवढंच म्हणाली होती, "माझ्या गाडीत साधा कॅमेरासुद्धा नाही." ते त्याने ऐकलं नाही असं दाखवलं.

कारण गोष्ट गाडीपुरती राहिलीच नव्हती. त्याचे वडील हमूद हे अल-हमरा या गावी मुलांच्या शाळेत आयुष्यभर हेडमास्तर होते. आधीच्या हिवाळ्यात ते गेले, आणि डोंगराच्या पायथ्याच्या त्या घरात झुवैना एकटी उरली. पलीकडच्या बहला गावी तिची मोठी बहीण नसरा अंथरुणाला खिळलेली. तिला न्हाऊ घालायचं, तिचे केस विंचरायचे, गावच्या कागाळ्या तिच्या कानावर घालायच्या, हे काम झुवैना दुसऱ्या कोणाला करू देत नसे. आधी हमूद नेऊन सोडायचा. तो गेल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना किती दिवस विचारणार? मग या वयात तिने गाडी शिकायला घेतली. इतक्यांदा नापास झाली की परीक्षा घेणारा पोलीस तिला पाहताच कपाळाला हात लावायचा. पण शेवटी परवाना मिळवला, आणि नवऱ्याची जुनी पांढरी जीप अंगणातून बाहेर काढली.

पहिल्याच दिवशी ती पांढरीफटक होऊन परत आली.

"लोक मला रागावतात," तिने झाहिरला फोनवर सांगितलं.

"कोण लोक?"

"सगळे. समोरून येणारा प्रत्येक जण माझ्या डोळ्यांवर दिवे मारतो. मागचा हॉर्न देतो. मी सरळच चालले होते रे."

गाडी शिकवणाऱ्याने तिला एक गोष्ट पक्की बजावली होती. समोरच्याने वरचे दिवे दाखवले, की आपलं काहीतरी चुकलं असं समजायचं. आधी बाजूला व्हायचं, मग विचार करायचा. झुवैना आज्ञाधारक विद्यार्थिनी. दिवे दिसले की बाजूला व्हायची आणि थांबायची. अल-हमरा ते बहला हे तुकडाभर अंतर, पण तिला पोचायला दुपार व्हायची, आणि पोचल्यावर हात इतके कापायचे की नसराच म्हणायची, तू आडवी हो, मी तुझे केस विंचरते.

झाहिरने जीपचे दिवे तपासून घेतले. ठीक होते. ब्रेक पाहिले, आरसे बदलले. काही फरक नाही. मग त्याने स्वतःच निष्कर्ष काढला की आई रस्त्याच्या मधोमध गोगलगायीसारखी चालवत असणार आणि लोक वैतागत असणार. असा निष्कर्ष तो ऑफिसात दिवसाला दहा वेळा काढायचा आणि त्यावर सही करायचा.

शेवटी त्याने ठणकावून सांगितलं. "उम्मी, हे असं चालणार नाही. माझा जीव टांगणीला लागलेला असतो. ईदेपर्यंत तुला नीट चालवता आली तर तू तिथेच राहा, मी शब्द काढणार नाही. नाही आली, तर घराला कुलूप लावायचं आणि आमच्याकडे मस्कतला यायचं."

"आणि नसरा?"

"तिला बघायला बाई ठेवू."

झुवैना म्हणाली, "ठीक. शब्द दिला." ती शब्द मोडणाऱ्यांतली नव्हती, आणि झाहिरला तेच अवघड वाटत होतं. बद्रियाने शिवणाचं मशीन बाहेर काढून एक खोली रिकामी करायला घेतली होती.

तर अशी ती दोघं त्या शोरूममध्ये उभी होती. अम्मारने घसा साफ करून तिला मावशी म्हणून हाक मारली. "खाला, एकदा चालवून तर बघा. नाही आवडली तर मी स्वतः तुम्हाला चहा पाजून घरी सोडतो."

"चहा आत्ताच पाज," झुवैना म्हणाली. "चालवायला जीव तर हवा."

चहा झाला. वेलदोडा कमी आहे असं सांगून झालं. मग ती चाकामागे बसली, झाहिर शेजारी, अम्मार मागे, आणि गाडी समुद्राकाठच्या रस्त्याला लागली. झाहिर मनातल्या मनात दुआ म्हणत दाराची मूठ धरून बसला होता. काही वेळाने त्याने मूठ सोडली. त्याची आई व्यवस्थित चालवत होती. पट्ट्यात होती, वेग बरोबर होता, चौकात थांबत होती, आरशात बघत होती. एका उद्धट पोराने मध्ये गाडी घातली तेव्हा तिने त्याच्या सगळ्या घराण्याची चौकशी केली, पण हात हलला नाही.

"उम्मी, तुला तर येतं."

"येतंच. पोलिसाने काय उगाच परवाना दिला?" मग जरा वेळाने ती म्हणाली, "इथे कोणी रागावत नाही."

"कारण गाडी चांगली आहे."

"गाडीचं काय त्यात? इथले लोक चांगले आहेत. आपल्या गावचे बिघडलेत. सगळी तुझ्या बापाने शिकवलेली पोरं, आणि बाईमाणसाच्या डोळ्यांवर दिवे मारतात. बरं झालं तो बघायला नाही."

झाहिर तिकडे लक्षच देत नव्हता. त्याचा प्रश्न सुटला होता. जुनी जीप, जड चाक, उंच आसन, त्यामुळे ती बिचकायची; नव्या गाडीत बिचकत नाही. अगदी सरळ हिशेब. त्याने तिथेच गाडी पक्की केली. अम्मारने इतका मोठा निःश्वास टाकला की झुवैनाने त्याला छातीचा डॉक्टर सुचवला.

आणि मग झाहिरने एक गोष्ट केली. कोणी सांगितली नव्हती, त्याला आपणहूनच वाटली. नव्या गाडीला नवा नंबर न घेता त्याने पोलिसांच्या कचेरीत रांग लावली आणि बाबांच्या जीपवरचा नंबर नव्या गाडीवर घेतला. नऊ-शून्य-नऊ. तो नंबर म्हणजे बाबाच होते. लहानपणी गल्लीत फुटबॉल चालू असताना कोणीतरी "नऊ-शून्य-नऊ" म्हटलं की पोरं चेंडू टाकून पुस्तकं उघडायची. पाटी लावून झाल्यावर झाहिरने तिच्यावरून हात फिरवला.

ईद जवळ आली होती. तो गाडी घेऊन अल-हमराला गेला, आईच्या हातात न लावायची किल्ली ठेवली आणि म्हणाला, "जा. नसरा खालाला दाखवून ये. मी इथे बसून कॉफी पितो."

त्याने दुसरा पेला भरला होता, एवढ्यात गाडी परत आली. झुवैना आत आली, किल्ली कॉफीच्या किटलीशेजारी तबकात ठेवली, आणि एक शब्द न बोलता कपाटातली मोठी पेटी ओढू लागली.

"काय झालं?"

"काही नाही. शब्द दिला होता. कपडे भरते."

"पोचलीस का तरी?"

"पेट्रोल पंपापर्यंत गेले." तिने हमूदची कुम्मा, त्याची भरतकामाची टोपी, खुंटीवरून काढली आणि झटकून पेटीत ठेवली. "आधीपेक्षा वाईट. जीपला एक जण दिवे मारायचा तर हिला दोघं. पंपावर तर एकाने तिथल्या तिथे, गाडी उभी असताना मारले. नसराला फोन करून सांग. मला सांगवणार नाही."

झाहिरचं डोकं फिरलं. तोंडाला येऊ नये ते आलं. "एवढी गाडी घेतली तुला. आपण होऊन थांबते, आपण होऊन वळते, आणखी काय करायला हवं होतं तिने? उचलून न्यायला हवं होतं? तुला शिकायचंच नाही, उम्मी. काहीतरी निमित्त काढून रडत बसायचं आहे."

झुवैनाने पेटीतून डोकं वर केलं. "रडते आहे का मी?"

रडत नव्हती. ते पाहून त्याला आणखीच वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा आणखी राग आला. त्याने तबकातली किल्ली उचलली. "चल. मी शेजारी बसतो. कोण रागावतो ते मला बघू दे. एकेकाला खाली उतरवून विचारतो."

दोघं निघाली. खजुरांच्या बागा मागे पडल्या, बहलाचा रस्ता लागला. झुवैना पाठ ताठ करून, दोन्ही हातांनी चाक आवळून बसली होती. समोरून कडब्याने भरलेला एक पिकअप आला. त्याचे दिवे दोनदा लागले, हॉर्न हळूच वाजला, आणि तो निघून गेला. झाहिरचा उजवा हात आपोआप वर गेला, आणि त्याच वेळी आईने गाडी बाजूला घेऊन करकचून थांबवली. गाडीने तक्रारीचे सगळे आवाज काढले.

"बघितलंस?" झुवैना म्हणाली. "आता सांग, मी काय केलं होतं?"

"उम्मी, तो मुहन्ना होता, बाबांच्या शाळेतला."

"कोण का असेना."

"तो रागावला नाही. सलाम करत होता."

"कोणाला?"

कोणाला, हे झाहिरला तेव्हा कळलं. इतके महिने फोनवर ऐकत होता, दिवे तपासत होता, आरसे बदलत होता, आणि स्वतःच्या गावात गाडीने गाडीला सलाम कसा करतात हे त्याच्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं. मस्कतला दिवे मारणारा माणूस म्हणतो, बाजूला हो. इथे म्हणतो, अस्सलाम अलैकुम. मस्कतमध्ये राहून तो तिथलाच झाला होता.

"बाबांना," तो म्हणाला. "नऊ-शून्य-नऊ दिसला की करतात. नव्या गाडीवर दिसला म्हणून तर दुपटीने. तुला म्हणून हात दाखवत नसतील, मास्तरांच्या घरची बाई, बरं दिसत नाही. नुसते दिवे. मास्तरांचं घर चाललंय आणि आपण तसंच कसं जायचं, म्हणून."

झुवैना समोर बघत राहिली. पाण्याचा एक टँकर आला. त्याने उभ्या गाडीलाही दिवे दाखवले आणि तो गेला.

"मी कायम मागे बसायचे," ती सावकाश म्हणाली. "तो चालवताना सारखा काहीतरी पुटपुटायचा. मला वाटायचं, जप करतोय. नसराला सांगायचेसुद्धा, माझ्या नवऱ्याला रस्त्यातसुद्धा देवाचं नाव सुटत नाही."

"व अलैकुम अस्सलाम म्हणत असायचे."

"म्हणजे जप नव्हताच." ती हसली, आणि हसताहसता तिने शेल्याचं टोक डोळ्यांना लावलं. झाहिरने खिडकीबाहेर पाहिलं.

मग झुवैनाचा चेहरा बदलला. "झाहिर. तो गेल्यापासून किती जणांनी सलाम केला असेल मला?"

"कोण मोजतंय."

"आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. तोंड फिरवून बाजूला थांबत गेले. काय म्हणत असतील? हमूद गेला आणि त्याच्या बायकोला सलामसुद्धा जड झाला." तिने चाकावरचे हात मांडीवर घेतले. "आणि तरी करत राहिले रे. रोज."

झाहिरला ते सहन होईना. तो म्हणाला, "तुला त्रास होत असेल तर आपण दुसरा नंबर घेऊ. मग कोणी दिवे दाखवणार नाही."

"हात लावून बघ त्या नंबराला," झुवैना म्हणाली. "मग खरंच येते तुझ्याकडे राहायला, आणि बद्रियाला रोज स्वयंपाक शिकवते. कुठला दांडा ओढायचा ते सांग."

"कसला दांडा?"

"दिव्यांचा, वलदी, माझ्या बाळा. उत्तर द्यायचं आहे."

त्याने दाखवायच्या आधीच तिने दुसराच ओढला. काचेवर पाणी उडालं आणि वायपर फिरू लागले. समोरून येणारा म्हातारा गाडीवाला दचकून बघत गेला. "हे उत्तर समजला असेल का तो?" तिने विचारलं. पुढच्याला तिने उजव्या बाजूला वळायचा दिवा दाखवला. त्याच्या पुढच्याला मात्र बरोबर दोन वेळा वरचे दिवे, आणि वर चाकावरचं एक बोट उचलून, हलक्या आवाजात, "व अलैकुम अस्सलाम."

बहलाचा फाटा आला. तिने गाडी उलटी, गावाकडे वळवली.

"उम्मी, बहला तिकडे आहे."

"नसरा कुठे पळून जात नाही. आधी बाजारातून एक फेरी."

"या उन्हात? मला संध्याकाळी मस्कतला पोचायचं आहे."

"मग तू उतर, चालत जा."

बाजाराच्या अरुंद रस्त्यात ती जी काही चालली त्याला चालणं म्हणता येणार नाही. हलव्याच्या दुकानाबाहेर बसलेली माणसं नंबर पाहून उठली आणि त्यांनी छातीला हात लावला. झुवैनाने प्रत्येकाला दिवे दाखवले. मागे गाड्यांची रांग लागली, आणि त्या रांगेतूनही कोणी हॉर्न दिला की ती त्यालाही, आरशात बघून, तितक्याच अदबीने उत्तर देत होती. झाहिरला खात्री होती की तो हॉर्न मात्र खरोखरच वैतागाचा आहे.

"कृपया दोन्ही हात चाकावर ठेवा," गाडी म्हणाली.

"थांब गं," झुवैना तिला म्हणाली. "हे आधी."

झाहिरचा फोन वाजला. बद्रिया होती. "पलंग आलाय. खोलीत कुठल्या बाजूला लावू? त्यांना खिडकीकडे आवडेल का?"

"परत पाठव," झाहिर म्हणाला. "तुझं मशीन पुन्हा आत ठेव."

"म्हणजे? येत नाहीत त्या?" बद्रिया क्षणभर थांबली. "आणि मागे एवढं पुटपुटतंय कोण?"

"उम्मी. गाडी चालवते आहे."

"मग बोलते कोणाशी?"

झाहिरने आईकडे पाहिलं. एक बोट चाकावरून उचललेलं, नजर रस्त्यावर, आणि ओठ हलताहेत. लहानपणी मागच्या आसनावरून त्याला बाबा असेच दिसायचे.

"गावाशी," तो म्हणाला.